शेवटचा बोल्ट काढण्याआधी

निगडी,
खंडेनवमीनंतरचा रविवार

चि. सोन्यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. ट्रेलर ओढणाऱ्या हॉर्सवरचं फिफ्थ व्हील, म्हणजे ट्रेलर अडकवायची जोडपाटी, उतरवायचं, पिकअपच्या हौद्यात टाकायचं आणि भोसरीला दुरुस्तीसाठी न्यायचं, असं काम तुमच्या महाळुंग्याच्या वर्कशॉपमध्ये आलं आहे. शेठ म्हणतात, चार पोरं लावा, पहार घाला, तासाभरात उरका. हे असंच करायचं का, असं तू विचारलं आहेस. असं करायचं नाही. का नाही आणि मग कसं, ते सविस्तर लिहितो.

आधी वजनाचा हिशेब. स्टँडसकट ते धूड दीडशे किलोंच्या घरात असतं. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात मिळेल, तो बघ. शेठांचा हिशेब सरळ आहे: दीडशे भागिले चार, माणशी साडेसदतीस. पण वजन असं समान वाटलं जात नाही. फिफ्थ व्हीलला धरायला मूठ नाही, वरून ग्रीसचा थर आणि एका बाजूला खाच, त्यामुळे वजनाचा मध्य डोळ्यांना दिसतो तिथे नसतो. चौघांपैकी दोघे चासीवर वाकून उभे, दोघे खालून हात उंचावून. एकाचा हात सटकला की त्याचा वाटा त्या क्षणी उरलेल्या तिघांवर येतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्येच प्रौढ पुरुषाने हाताने वाहायच्या वजनाची वरची मर्यादा ५५ किलो धरली. अमेरिकेच्या ‘नायॉश’ या संस्थेचं १९९१ चं सूत्र तर २३ किलोंपासून सुरू होतं. तेही वजन अंगालगत, कमरेच्या उंचीवर आणि पक्क्या पकडीत असेल तरच. अंतर वाढलं, वळावं लागलं, पकड कच्ची असली की आकडा खाली येतो. चासीवर यातली एकही अट पुरी होत नाही. म्हणून हे काम यंत्राचं आहे. तुझ्या दंडाची परीक्षा घ्यायला ते आलेलं नाही.

आता यंत्र. हायड्रा क्रेन मागवता आली तर उत्तम. नाही तर जमिनीवर पक्की उभी राहणारी गॅन्ट्री आणि एक टनाची चेनपुली. शेडच्या कैचीला चेनपुली टांगू नकोस. ती कैची पत्रे पेलायला बांधलेली आहे, लोंबतं वजन पेलायला नाही. फोर्कलिफ्टच्या काट्याच्या टोकाला दोर बांधूनही उचलू नकोस. तिच्या पाटीवरची क्षमता बहुधा काट्याच्या मुळापासून ५०० मिलिमीटरवरच्या भारासाठी लिहिलेली असते. भार टोकाकडे गेला की क्षमता घटते, आणि लोंबकळता भार झोके घेतो तो वेगळाच.

परवा खंडेनवमीला तुम्ही चेनपुलीला हळदकुंकू वाहून झेंडूची माळ घातली असेल. त्या पूजेला अर्थ यायचा असेल तर माळ उतरवल्यावर साखळीची कडी न् कडी हाताने तपास. ताणलेली, झिजलेली, चिरलेली कडी दिसली तर साखळी बाजूला काढ. हुकाचं तोंड फाकलंय का, त्याची लॅच मिटते का, ते बघ. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २९ व्या कलमाने उचलण्याच्या साधनांवर सुरक्षित भार स्पष्ट लिहायला आणि बारा महिन्यांतून किमान एकदा सक्षम माणसाकडून तपासणी करून घ्यायला सांगितलं. भाराचा आकडा पुसला गेला असेल ते साधन वापरायचं नाही, एवढा नियम तू स्वतःपुरता आजपासून पाळ.

चेनपुलीच्या हुकाला भार ज्या पट्ट्याने (स्लिंगने) टांगायचा, त्याचा कोन बहुतेक जण विसरतात. दोन पाय असलेल्या पट्ट्याने शंभर किलो उचलताना पाय सरळ उभे असतील तर प्रत्येकावर पन्नास किलोंचा ताण येतो. ते जमिनीशी साठ अंशांत आले की अठ्ठावन्न, पंचेचाळीस अंशांत एकाहत्तर, आणि तीस अंशांत पुरते शंभर. कपडे वाळत घालायची दोरी जितकी ताठ बांधावी तितकी ती ओल्या गोधडीने लवकर तुटते, तसंच हे. पट्टा लांब घे, कोन साठाच्या खाली जाऊ देऊ नकोस, आणि लोखंडाची धार लागते तिथे जाड रबराचा तुकडा घाल.

आता बोल्ट. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या संध्याकाळीच रस्ट स्प्रे मार आणि रात्रभर मुरू दे. तरीही सुटले नाहीत म्हणून कोणी गॅस कटर उचलला तर थांबव. तिथे ग्रीस आहे, एअर ब्रेकचे पाइप आहेत, वायरिंग आहे, डिझेलची टाकी जवळ आहे. चासीच्या पोलादाला आच लागली तर त्याची ताकद जाते, आणि ते वरून दिसत नाही. अडलेल्या बोल्टासाठी नट स्प्लिटर आण.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. शेवटचा बोल्ट काढण्याआधी पट्टा लावून चेनपुलीने ताण घेतलेला असला पाहिजे. शेवटचा बोल्ट सुटेपर्यंत वजन चासीचं असतं, सुटल्यावर ते ज्याच्या हाती येईल त्याचं. ते चेनपुलीच्याच हाती जायला हवं. आधी दोन बोटं उचल, थांब, तोल बघ. एक बाजू झुकली तर खाली टेकव आणि पट्टा पुन्हा बांध. मगच पुढे. अधांतरी वजनाखाली कोणाचा हात नको, पाय नको. भार वळवायचा तर त्याला दोरी बांधून लांबून वळव.

हौद्यात ठेवताना खाली लाकडी ठोकळे घाल, म्हणजे पट्टा सहज निघेल आणि भोसरीला पुन्हा लावता येईल. पुढे-मागे, दोन्ही बाजूंनी रॅचेट पट्ट्यांनी आवळ. चाकण चौकातल्या गर्दीत पावलोपावली ब्रेक लागतो, आणि सुटं लोखंड दर ब्रेकला केबिनकडे धावतं. उतरवताना घाईचा मोह जास्त होतो. फाळका पाडून, फळी तिरपी लावून घसरवा, असं कोणी म्हणेलच. ग्रीस लागलेलं लोखंड फळीवर मध्येच थांबत नाही, आणि खाली उभा असलेला माणूस त्याला हाताने अडवू पाहतो. तिथेही हायड्रा किंवा गॅन्ट्री आहे ना, हे निघण्याआधी फोन करून विचार. हँडब्रेक ओढ, चाकांना गुटके लाव. वजन उचललं जाताच पाटे उसळतात आणि हौदा वर येतो, हे ध्यानात ठेव.

परत बसवताना जुने बोल्ट वापरू नकोस. चाळीस टनांची गाडी ओढणारा सगळा जोर त्या जोडातून आणि ट्रेलरच्या ५० मिलिमीटरच्या किंगपिनमधून जातो. पुस्तकात दिलेल्या ग्रेडचे नवे बोल्ट आणि टॉर्क रेंच, यात तडजोड नाही.

हे सगळं वडीलधाऱ्या मिस्त्रींसमोर म्हणायला जड जाईल, ते मी जाणतो. त्यांच्या चुका काढत बसू नकोस. आदबीने विचार, “मिस्त्री, सुटल्यावर हे टेकवायचं कुठे?” या प्रश्नाला उत्तर नसेल तर काम सुरू व्हायला नको, हे त्यांनाही पटेल. इशारे देणारा माणूस एकच ठरवा, पण “थांबा” म्हणायचा हक्क सगळ्यांना द्या, हेल्परच्या पोरालासुद्धा.

आपल्या पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना ही शिस्त नवी नाही. टेल्कोने (आजच्या टाटा मोटर्सने) १९६६ मध्ये पिंपरीत पाऊल टाकलं तेव्हा कंपनीची धुरा वाहणाऱ्या सुमंत मूळगावकरांनी गाड्यांच्या आधी कारागीर घडवणारं प्रशिक्षण आणि अवजारं घडवणारे विभाग उभे केले. तयारीवर गेलेला वेळ वाया जात नाही, हे इथे पहिल्यापासून दाखवून दिलेलं आहे. दुसरी बाजूही आहे. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून वाहन उद्योगाच्या पुरवठादारांकडे बोटं गमावलेल्या कामगारांवर अहवाल काढते. त्यांपैकी अनेकांना ईएसआयसीचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड अपघात झाल्यावर हातात मिळालं, असं त्यात नोंदलं आहे. तू ठेकेदाराकडे आहेस. तुझ्या पगारातून या विम्यासाठी पाऊण टक्का कापला जात असेल तर कार्ड आत्ताच मागून घे. मोहननगरचं कामगार विमा रुग्णालय तुझ्या हक्काचं आहे. हक्काचा कागद मागण्यात उद्धटपणा नाही.

शेठ म्हणतील, हायड्राचं भाडं कोण देणार? त्यांच्यापुढे दोन आकडे ठेव: एका फेरीचं भाडं, आणि एक माणूस महिनाभर घरी बसला तर बुडणारं काम. तरीही ते ऐकले नाहीत तर या कामातून बाजूला हो आणि मला फोन कर, मी येऊन त्यांच्याशी बोलेन. नोकरी दुसरी लागेल, त्याची काळजी तू करू नकोस.

काम झालं की कसं केलंत ते कळव, आणि पट्टा कुठे बांधलात त्याचं चित्र काढून पाठव. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा