चहाचे गुण आणि एक लाल गोळी

आमच्या देवनारला पाहुणा उंबऱ्यात दिसला की चहाचे आधण चढते. अशा या चहाच्या गुणांवर लेख लिहावा म्हणून मी वाचायला बसले आणि अडकले ती आईच्या गोळीपाशी.

काळा चहा आणि हिरवा चहा ही एकाच झुडपाची पाने. खुडून, चुरगाळून हवेत ठेवली की ती काळी पडतात. लगेच उष्णता दिली तर हिरवी राहतात. गवती चहा हा मात्र नावापुरता चहा. ते एक सुवासिक गवत. त्यात तरतरी आणणारे कॅफिन नाही. ब्रिटनमधील सुमारे ५ लाख लोकांच्या एका अभ्यासात (२०२२) रोज दोन किंवा अधिक कप काळा चहा घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण थोडे कमी आढळले. चहाबाजांनी हुरळून जाऊ नये. ते चहामुळेच घडले, असे काही त्यावरून सिद्ध होत नाही.

गांधीजींनी १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना आरोग्यावर पुस्तक लिहायला घेतले. कातडी कमावण्यासाठी वापरतात ते टॅनिन चहात असते, असा त्यात त्यांचा आक्षेप आहे. आतड्याचे चामडे होत नाही हे खरे. पण टॅनिनवर त्यांनी बोट ठेवले ते उगाच नव्हे. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई करीत. हिरड्यात टॅनिन, हिराकसात लोह. दोन्ही भेटली की काळा रंग. पोटातही तशीच गाठ पडते. दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांना १९७५ साली आढळले, की चहाबरोबर घेतल्यास पावातले, भाताच्या जेवणातले आणि क्षाररूपातले लोह अंगी कमी लागते. शिजवलेल्या मांसातल्या लोहाला तेवढी झळ पोचत नाही. पण पशुवधगृहाच्या गावात राहिले म्हणून रोज मटण कोणाला परवडते? आमची न्याहारी चहा-चपातीच.

२०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. आमची आई त्यांतलीच. लोहाची लाल गोळी ती रोज सकाळी घेई, तीही चहाच्या घोटाबरोबर! "गोळ्या लागूच पडत नाहीत," ही तिची तक्रार. मी एक गोळी कुटून निम्मी पाण्यात, निम्मी कोऱ्या चहात टाकली. चहा शाईसारखा काळा झाला.

"आई, हे बघ, तुझी गोळी चहातच अडकते."

"अगं, पण नुसत्या पाण्याबरोबर मला मळमळतं."

हेही खरेच. शेवटी रात्रीच्या जेवणानंतर पाण्याबरोबर गोळी, असे ठरले. तेव्हा चहा नसतोच. सकाळी चपाती आधी आणि चहा तासाभराने, हे मात्र तिला अजून जमत नाही. कामाची वेळ होते. पुढच्या महिन्यात तिचे रक्त पुन्हा तपासायचे आहे.