सवलत आणि सहभाग : अपंगत्वाविषयी इस्लामची शिकवण



आपल्या घरात, नात्यात किंवा मोहल्ल्यात कोणी पायाने अधू असते, कोणाची दृष्टी गेलेली असते. आपण त्यांना प्रेमाने जेवू घालतो, त्यांच्यासाठी दुआ करतो. मात्र त्यांच्या शिक्षणाचा, नोकरीचा किंवा मस्जिदीत येण्याचा प्रश्न निघाला की, “कशाला त्रास?” असे म्हणून विषय संपवतो. इस्लामला हीच दया अपेक्षित आहे काय?

शरीयतने अपंग व्यक्तीला सवलत दिली आहे, यात शंका नाही. माननीय इमरान बिन हुसैन (रजि.) यांनी आपल्या आजारामुळे नमाजविषयी विचारणा केली, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी उभे राहून, ते शक्य नसल्यास बसून आणि तेही न जमल्यास कुशीवर पडून नमाज अदा करण्यास सांगितले (बुखारी). येथे नमाजची पद्धत बदलली. नमाज काढून घेतली गेली नाही. सवलतीचा हेतू माणसाला सामावून घेणे हा आहे, वगळणे हा नव्हे.

ही सवलत कोणासाठी आहे, हेही समजून घ्या. माननीय अम्र बिन जमूह (रजि.) पायाने अधू होते. उहुदच्या युद्धप्रसंगी त्यांच्या मुलांनी त्यांना घरीच थांबण्याचा आग्रह केला. ते प्रेषितांकडे (स.) गेले. आपणास सवलत आहे, असे प्रेषितांनी (स.) त्यांना सांगितले; परंतु मुलांना मात्र त्यांना अडवू नका, असे बजावले. ते गेले आणि उहुदच्या भूमीवर शहीद झाले. मुलांचे प्रेम खरे होते, तरीही निर्णय वडिलांचाच राहिला. सवलत घेणे हा अपंग व्यक्तीचा हक्क आहे. ती तिच्यावर लादणे हा आपला अधिकार नाही.

आता माननीय अब्दुल्लाह बिन उम्मे मक्तूम (रजि.) यांच्याकडे पाहा. ते दृष्टिहीन होते. त्यांच्याच निमित्ताने ‘सूरह अबस’च्या प्रारंभीच्या आयती अवतरल्या आणि ज्ञानाच्या ओढीने आलेल्या माणसाची उपेक्षा होऊ नये, ही शिकवण कायमची कुरआनात नोंदली गेली. पुढे प्रेषितांनी (स.) काही मोहिमांवर जाताना मदीनेची जबाबदारी त्यांच्यावर सोपविली. ते मुअज्जिनही होते. रमजानमध्ये माननीय बिलाल (रजि.) रात्र असतानाच अजान देत, खाणेपिणे थांबायचे ते इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) यांच्या अजानवर. पहाट झाल्याचे लोक त्यांना सांगत, मग ते अजान देत (बुखारी). विचार करा, ज्यांना पहाट दिसत नव्हती त्यांच्या आवाजावर सारे शहर रोजा सुरू करीत होते! दिसत नाही म्हणून काम काढून घेतले गेले नाही. जे उणे होते, ते शेजारच्या माणसाने एका वाक्याने भरून काढले.

आपल्याकडून अपेक्षित आहे ते हेच ‘एक वाक्य’. मस्जिदीच्या पायऱ्यांशेजारी उतार बांधणे, वुजूखान्यात एका नळासमोर खुर्ची व आधाराचा दांडा बसविणे, मक्तबमध्ये जाणाऱ्या मुलाला सोबत घेणे, यांस फार मोठा निधी लागत नाही.

कायद्याचे साहाय्यही घ्या. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आहेत. प्रमाणपत्रानुसार अपंगत्व किमान ४० टक्के असल्यास ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा, तर शासकीय नोकऱ्यांत किमान ४ टक्के पदे राखीव आहेत. मात्र आईवडील मुलाचे, त्यातही विशेषतः मुलीचे, अपंगत्व लोकलज्जेपोटी लपवत राहिले आणि प्रमाणपत्रच काढले नाही, तर हे हक्क कागदावरच राहतात. अल्लाहने दिलेल्या अपत्यात लपविण्यासारखे काय आहे?

‘सूरह नूर’च्या ६१ व्या आयतीत अंध, लंगड्या व आजारी माणसांवर कोणताही दोष नसल्याचे सांगून घराघरांत भोजन करण्याचा उल्लेख आला आहे. कुरआनने त्यांना वेगळ्या ताटावर बसविले नाही. आपणही आपल्या दस्तरखानावर, वर्गात, दुकानात आणि नमाजच्या सफमध्ये त्यांची जागा राखू या. अल्लाह आपणास याची सद्‌बुद्धी देवो. आमीन.