पितळी वस्तूंची सफाई व गोठ्यांतील धोका

पितळ गंजत नाहीं, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पण ती अर्धीच खरी आहे. लोखंडासारखा तांबडा गंज त्यास चढत नाहीं; परंतु त्यास दुसराच एक रोग जडतो, व तडा जाईपर्यंत तो बहुधा ध्यानांतही येत नाहीं. द्राक्षमळ्यांत ढगाळ हवेमुळें केवड्याची भीति असतां पितळी पंप तडकला व फवारणी दोन दिवस लांबली, तर सबंध हंगामाचें नुकसान होऊं शकतें. म्हणून या रोगाचा विचार येथें करूं.

त्याचा इतिहास काडतुसांशीं निगडित आहे. काडतुसाचें नळकांडें साधारणतः ७० भाग तांबें व ३० भाग जस्त यांच्या पितळाचें असतें. हिंदुस्थानांतील ब्रिटिश सैन्याच्या मोहिमा पावसाळ्यांत मंदावत, तेव्हां काडतुसें तबेल्यांत ठेवीत. पुढें पाहावें तों पुष्कळ नळकांड्यांस चिरा पडलेल्या आढळत. ऋतूवरून इंग्रजींत या विकृतीस 'सीझन क्रॅकिंग' असें नांव पडलें. तिचें कारण १९२१ सालीं मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनीं उलगडून दाखविलें. घोड्यांच्या मूत्रापासून निघणारा अमोनिया हेंच तें कारण होय.

पितळ थंड असतांना ओढून किंवा दाबून घडविलें म्हणजे त्याच्या अंगांत ताण राहतो. अशा पितळास दमट हवेंत अमोनिया लागला, कीं ताणाच्या जागीं बारीक चीर पडून ती खोल जाते. कारखान्यांत वस्तु बेताची तापवून हा ताण काढतां येतो. परंतु पोचे ठोकून काढले, अथवा नळी वांकवून सरळ केली, तर नवा ताण उत्पन्न होतो, हें ध्यानांत ठेवावें.

ज्या देशांत परवानगीनें वापरलेलीं नळकांडीं पुन्हा भरतात, तेथें तीं सौम्य आम्लाच्या पाण्यांत धुऊन, खळबळून, पूर्ण वाळवितात व एकेक तपासतात. अमोनियायुक्त पॉलिश टाळतात. आपल्याकडे विनापरवाना काडतुसें तयार करण्यास १९५९ च्या शस्त्र कायद्यानें मनाई आहे, म्हणून तें काम कोणीं करूं नये. मात्र सफाईची ही रीत पितळी पंपास उत्तम लागू पडते. ती अशी :

१. फवारणी संपतांच त्याच दिवशीं पंपांतून स्वच्छ पाणी दोनतीनदां मारावें. बोर्डो मिश्रण वाळूं देऊं नये.

२. चुन्याचा पांढरा-निळा थर बसलाच, तर चामडी वाटी काढून ठेवावी व सुटे भाग पातळ केलेल्या शिरक्यांत किंवा चिंचेच्या पाण्यांत थोडा वेळ बुडवावे. फार वेळ ठेवल्यास जस्त विरघळून पितळावर गुलाबी झांक येते. ती नुकसानीची खूण समजावी.

३. नंतर धुण्याच्या सोड्याच्या पातळ पाण्यांतून काढून, पुन्हा साध्या पाण्यानें खळबळावें व उन्हांत पूर्ण वाळवावें. चामडी वाटीस तेल लावावें.

४. नळी, सांधे व ठोकलेल्या जागा उजेडांत धरून पाहाव्या. चीर दिसली, तर डाक देऊन भागवूं नये. आंतला ताण तसाच राहतो, आणि दाबाखालीं भाग फुटल्यास औषध अंगावर उडतें. असा भाग बदलावाच.

५. पंप गोठ्यांत टांगूं नये. गुरांच्या मूत्रांतील युरिया कुजून तेथें सदैव अमोनिया निघत असतो. युरियाच्या किंवा अमोनियम सल्फेटच्या पोत्यांजवळही तो ठेवूं नये. अमोनियम सल्फेटास ओलसर चुना किंवा राख लागली, तर अमोनिया झपाट्यानें सुटतो. बोर्डोसाठीं आणलेला चुना व हें खत एकाच खोपींत ठेवणाऱ्यांनीं विशेष जपावें.

गोठ्यांतील मूत्र शेतास सोनें आहे, पण पितळास तें विष आहे. पंपासाठीं घरांतील कोरड्या भिंतीवर एक खुंटी मारली, तर या रोगाचें मुख्य कारणच दूर होतें. पावसाळा सुरू होण्यापूर्वींच ही व्यवस्था करावी, अशी आमची वाचकांस सूचना आहे.