अकरा मृत्यू आणि सुरक्षिततेचा बोनस

प्रश्न : मोठ्या तेलगळतीनंतरही अधिकाऱ्यांना बोनस कसा मिळतो? भागधारक म्हणून मी काय करू?

उत्तर : बोनस सूत्रावर ठरतो, म्हणून. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' या तेलरिगवर स्फोट होऊन ११ कामगार दगावले आणि मोठी तेलगळती झाली. तरीही त्या रिगची मालक असलेल्या ट्रान्सओशनने अपघातांच्या प्रमाणावरून तेच वर्ष सुरक्षिततेत सर्वोत्तम ठरवले आणि वरिष्ठांना बोनस दिला. संताप उसळल्यावर त्यांनी तो मृतांच्या कुटुंबीयांसाठीच्या निधीला दिला. पण मुळात असा बोनस मंजूर होतोच कसा, हे मला आजही अस्वस्थ करते.

आपल्या कंपनी कायद्याचे कलम १९९ जादा मोबदल्याची वसुली सांगते, पण हिशेबांची फेरमांडणी करावी लागली तरच. नदी किंवा समुद्र नासला तर नाही. तेव्हा वार्षिक सभेत थेट विचारा : दुर्घटना घडल्यास बोनस परत घेण्याची अट करारात आहे का?