भूकंप आणि माळवदाची घरे

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. गणेशविसर्जन आटोपून गावे नुकतीच निद्राधीन झाली होती. लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळच्या भूकंप-नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता! शक्तीने हा धक्का १९६७ च्या कोयना भूकंपाहून मोठा नव्हता. तरीही एवढी प्राणहानी का व्हावी?

याचे एक मोठे कारण भिंतींत सापडते. दोन-अडीच फूट जाडीची दगडमातीची भिंत भक्कम दिसते खरी. परंतु तिचे आतील व बाहेरील थर परस्परांत गुंतलेले नसतात, मध्ये केवळ माती व गोटे. भूकंपात प्रथम वेगवान लहरी येतात. मागाहून येणाऱ्या आडव्या लहरी जमिनीला अधिक जोराने हेलकावे देतात. त्यांनी हे थर सुटून फुगतात आणि उन्हाळ्यात गारवा देणारे माळवद झोपलेल्यांवर कोसळते. गळती थांबावी म्हणून त्यावर वेळोवेळी माती टाकण्याची रीत हे ओझे वाढवीतच नेते.

अशा घरांत भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड ठराविक अंतरावर बसवावेत, दारे-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना जखडणारी सलग काँक्रीटची पट्टी घालावी, माळवदावरील जादा माती उतरवावी.

धक्का बसताच पक्क्या इमारतीत मजबूत टेबलाखाली शिरून डोके झाकावे. जिन्याकडे धावू नये. माळवदी घरात मात्र दार दोन पावलांवर असल्यास तत्काळ मोकळ्या जागी यावे.