खोकला, कफ आणि परदेशातला पहिला सप्टेंबर

उमरगा, कळंब, भूम, तुळजापूर अशा ठिकाणांहून बाहेर पडून परदेशात स्थिरावलेली आम्ही काही घरं. बहुतेक इंग्लंडमध्ये, दोन अमेरिकेत, एक मेलबर्नला. आमच्यातल्या सहा घरांतल्या लेकरांना बाळदमा होता किंवा आहे. गेल्या वर्षभरात धाराशिव जिल्ह्यातून नव्याने आलेल्या चार आईबापांनी आम्हाला तेच ते प्रश्न विचारले, तेही बहुतेक वेळा रात्रीच. म्हणून सगळ्यांना विचारून हे एकदाच लिहून काढलं आहे. हे वाचून औषध बदलू नका. डॉक्टरांपुढे बसल्यावर काय विचारायचं ते कळावं, एवढ्यासाठीच हे आहे.

सुरुवात नावापासून करू. आपल्याकडे डॉक्टर तोंडी ‘बाळदमा’ म्हणतात आणि केसपेपरवर ‘ॲलर्जिक ब्राँकायटिस’ लिहितात, कारण दमा म्हटलं की आजी रडायला लागते, आणि मुलगी असेल तर तिच्या लग्नाचा विषय त्याच दिवशी निघतो. इथे हे झाकण ठेवून भागत नाही. शाळेच्या फॉर्मवर, डॉक्टरकडच्या नोंदणीत, सगळीकडे स्पष्ट लिहा: दमा आहे, पंप चालू आहे. नोंद नसेल तर शाळेत धाप लागली तरी कुणी पंप देणार नाही. पाचच्या आतल्या लेकराला इथले डॉक्टरही लगेच दमा म्हणत नाहीत, व्हायरसने येणारी घरघर म्हणतात. ते टाळाटाळ करत नसतात. त्या वयातल्या बऱ्याच लेकरांची घरघर पुढे आपोआप जाते.

निघण्याआधी तिथल्या डॉक्टरांकडून एक कागद लिहून घ्या आणि त्यावर औषधांची मूळ नावं असू द्या. असथालिन म्हणजे साल्ब्युटामॉल, बुडेकॉर्ट म्हणजे बुडेसोनाइड. असथालिन हे नाव इथे कुणाला कळत नाही, आणि अमेरिकेत तर साल्ब्युटामॉललाच अल्ब्युटेरॉल म्हणतात. न्यू जर्सीच्या मेडिकलमध्ये आमच्यातल्या एकाने साल्ब्युटामॉल मागितलं आणि समोरचा नुसता बघत राहिला. रोज रात्रीची मॉन्टेलुकास्टची गोळी चालू असेल तर तीही लिहून घ्या. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2020 मध्ये या गोळीवर सर्वात कडक इशारा छापायला लावला, कारण काही मुलांत चिडचिड, भीतीदायक स्वप्नं, मनःस्थितीत बदल दिसले होते. त्यामुळे इथला डॉक्टर ती थांबवू म्हणाला तर गडबडू नका, पण त्याऐवजी काय, हे जरूर विचारा. लसीकरणाचं कार्डही आणा. पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची नळी) विमानात हातातल्या पिशवीत ठेवा, खाली सामानात टाकू नका.

वाफेचं मशीन, म्हणजे नेब्युलायझर, मात्र आणू नका. आपल्याकडे छाती भरली की वाफ हे गणित ठरलेलं, त्यामुळे ते यंत्र बॅगेत नसलं की आई अस्वस्थ होते. साध्या आणि मध्यम त्रासात स्पेसरमधून घेतलेला पंप वाफेइतकाच काम करतो. ब्रिटनच्या औषध नियामकाने 2022 मध्ये सांगितलं आहे की मुलांच्या दम्याच्या झटक्यासाठी घरी नेब्युलायझर तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरावं. कारण सरळ आहे: वाफेने तासभर बरं वाटतं आणि त्या तासात आजार किती वाढला ते लक्षात येत नाही.

आता भाषेची गोष्ट, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथे होतो. माझ्या मुलाला पहिल्या हिवाळ्यात घेऊन गेले तेव्हा मी डॉक्टरांना चार दिवस झाले, कफ आहे, कफ आहे असं सांगत होते. माझ्या मनात छातीत साठलेला चिकट कफ, त्यांच्या कानात नुसता खोकला. त्यांनी मध आणि गरम पाणी सांगून घरी पाठवलं. चूक त्यांची म्हणवत नाही. आपला ‘कफ’ आणि इंग्रजीतला ‘कफ’ वेगळे, हे मला तरी कुठे सुचलं होतं? दुसरा शब्द घरघर. आपण घशातल्या शेंबडाच्या खळखळीलाही घरघर म्हणतो आणि श्वास सोडताना येणाऱ्या बारीक शिट्टीलाही. डॉक्टरला हवी असते ती शिट्टी. शब्दांच्या भानगडीत न पडता सदरा वर करून छातीचा आणि पोटाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा, आवाजासकट. रात्री दोनला जे दिसतं ते सकाळी दहाला दवाखान्यात हमखास दिसत नाही. लेकरू तिथे खेळण्यांच्या टोपलीत डोकं घालून बसतं आणि आपण खोटे पडतो.

पण व्हिडिओ काढत बसू नये अशीही वेळ असते. गळ्याखालचा खळगा किंवा बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत ओढली जाते, नाकपुड्या फुलतात, एक वाक्य सलग बोलता येत नाही, लहानगं दूध ओढता ओढता सोडून देतं, ओठ निळसर दिसतात, किंवा घरघर एकदम थांबून लेकरू सुस्त होतं. शेवटचं सगळ्यात फसवं. आवाज थांबला म्हणून बरं वाटलं, असं समजू नका. इंग्लंडात अशा वेळी 999, अमेरिकेत 911. गाडी काढून स्वतः निघण्यापेक्षा फोन करा. रुग्णवाहिका येईपर्यंत इथल्या डॉक्टरने कागदावर लिहून दिल्याप्रमाणे निळा (साल्ब्युटामॉलचा) पंप द्या.

हा कागद म्हणजे दम्याचा आराखडा. हिरवा, पिवळा, लाल अशा तीन भागांत लिहिलेला असतो: रोज काय, सर्दी झाली तर काय, धाप लागली तर किती पफ आणि कुणाला फोन. पफांची संख्या देशागणिक बदलते, म्हणून ती इथे लिहीत नाही. ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या 195 मृत्यूंची तपासणी करून 2014 साली अहवाल आला, त्यात असा आराखडा फक्त 23 टक्के लोकांकडे होता. मागितल्याशिवाय तो मिळेलच असं नाही, तेव्हा मागा. दवाखान्यात दम्याची नर्स असते, ती डॉक्टरपेक्षा जास्त वेळ देते. इंग्लंडात नोंदणीसाठी पत्त्याचा पुरावा लागतोच असं नाही, आणि 16 वर्षांखालच्या मुलांना औषधं फुकट. अमेरिकेत विम्यात कुठला डॉक्टर चालतो ते आधी बघा, आणि शाळेच्या नर्ससाठीचा फॉर्म डॉक्टरकडून सही करून घ्या.

सप्टेंबरबद्दल कॅनडातल्या संशोधकांनी बरंच लिहिलंय. सुट्ट्या संपून शाळा उघडल्या की दोन-अडीच आठवड्यांत दम्याच्या मुलांची दवाखान्यात रांग लागते. कारण साध्या पडशाचा विषाणू. उन्हाळ्यात लेकरू ठणठणीत असतं, म्हणून आईबाप रोजचा पंप सोडतात, आणि नेमकी त्याच वेळी वर्गात शिंकाशिंकी सुरू होते. आपली नवी आलेली लेकरं तर दुहेरी सापडतात. नवा वर्ग, नवे जंतू, बंद खिडक्या. शाळेच्या वयाच्या आत-बाहेर वर्षाला सात-आठ पडशी होणं इथे सामान्य धरतात. ती पडशी तुम्ही थांबवू शकणार नाही. हळद-दूध, काढा, कानटोपी, यांतलं काहीच त्याला पुरत नाही. पडसं छातीत उतरणं मात्र बऱ्याच अंशी रोखता येतं, आणि ते काम रोजच्या, चॉकलेटी किंवा तत्सम रंगाच्या पंपाचं. त्याचा गुण यायला आठवडे लागतात. त्यामुळे ‘बरं आहे तर कशाला’ हा प्रश्न ऑगस्टमध्ये मनात आला की तो गिळून टाका.

पंपाची सवय लागते, असं फोनवरून आजी सांगणार. माझ्या सासूबाई तीन वर्षं सांगत होत्या. सवय लागत नाही. उलट निळा पंप रोज लागत असेल तर दमा आटोक्यात नाही, एवढंच ते सांगतं. दर महिन्याला निळा पंप संपायला लागला तर नर्सला सांगा. उमरग्याकडच्या घरांत दुसराही सल्ला येतो: मृगाला हैदराबादला जाऊन बत्तिनी घराण्याचा माशाचा प्रसाद घ्या. निजामाच्या राज्यापासूनचा तो रस्ता आपल्या अंगवळणी आहे, आणि शाकाहारी लोकांना गुळातून देण्याची सोयही तिथे आहे. कुणाची श्रद्धा दुखवायची नाही. पण चार वर्षांच्या लेकराच्या घशात जिवंत मासा घालायचा का, हे स्वतःला विचारा. तिकडे गेलात तरी पंप बंद करू नका.

स्पेसरची रीत एकदा बघून घ्या. पंप हलवायचा, मास्क गालाला घट्ट, एक पफ सोडायचा, आणि पाच श्वास. झडप टकटक वाजते, तो आवाज मोजायचा. आमच्याकडे आधी टेडीला, मग बाबाला, मग मला, आणि शेवटी त्याला, असा क्रम होता. दोन पफ एकदम सोडून वेळ वाचत नाही, बरंच औषध नळीला चिकटतं. धुतल्यावर फडक्याने पुसू नका. घासल्याने नळीत विद्युतभार येतो आणि औषध भिंतीलाच धरून राहतं. साबणाच्या पाण्यातून काढून तसंच निथळत ठेवा. रोजच्या पंपानंतर चूळ भरायला लावा.

अँटिबायोटिक न देता परत पाठवलं म्हणून चिडू नका. आपल्याकडे तीन दिवसांत उतार पडला नाही की डॉक्टर बदलतो. इथे डॉक्टर बदलला तरी उत्तर तेच मिळतं, कारण विषाणूवर ते औषध चालतच नाही. ताप पाचव्या दिवशीही चढा असेल, किंवा उतरून पुन्हा चढला, तर मात्र परत जा आणि छाती तपासायला सांगा. फ्लूची लस चुकवू नका. इंग्लंडात ती मुलांना नाकात फवारतात. त्यात डुकरापासून काढलेलं जिलेटिन असतं, ते नको असेल तर सुई मागता येते. छातीत घरघर असेल त्या दिवशी फवारा देत नाहीत. अमेरिकेत दोन ते चार वर्षांच्या, वर्षभरात घरघर झालेल्या मुलांना फवारा नको असं सांगतात, म्हणजे सुईच.

घराचं थोडक्यात. भिंतीवर काळी बुरशी दिसली तर त्या खोलीत लेकरू झोपवू नका, आणि घरमालकाला लेखी कळवा. रेडिएटरवर कपडे वाळवले की ओल वाढते. धाराशिवच्या कोरड्या हवेत फारसे न दिसणारे धुळीतले किडे या ओलीवर आणि कार्पेटवर पोसतात. फोडणीच्या वेळी पंखा लावा, दार लावून घ्या. उदबत्ती आणि धूप बाल्कनीत. ही गोष्ट आम्हा सगळ्यांना जड गेली.

ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांसाठी एक. 21 नोव्हेंबर 2016 रोजी मेलबर्नवर वादळ आलं, राय गवताचे परागकण फुटून हवेत पसरले, हजारो लोक दवाखान्यात गेले आणि दहा जण दगावले. भारतीय व आशियाई वंशाच्या लोकांना त्याचा फटका जास्त बसला. कधीच दमा नसलेल्यांनाही धाप लागली होती. परागकणांची ॲलर्जी बऱ्याचदा तिकडे दोन-चार वर्षं राहिल्यावर उगवते. वसंतात वादळाचा इशारा आला की मुलांना आत घ्या, खिडक्या बंद, पंप जवळ.

आणि दिवाळीला गावी गेलात तर सोयाबीनची रास चालू असते. मळणीयंत्राचा तो पिवळसर भुसा अंगणभर उडतो, फटाक्यांचा धूर रात्री, हिवाळ्यात उसाचं पाचट. लेकराला खळ्यावर नेऊ नका, म्हातारे कितीही म्हणाले तरी. रोजचा पंप सुट्टीतही चालू. शेजारच्या घरातलं कुणीतरी येईल, त्यांच्याही नातवाला रात्री खोकला येतो, तुमचा ‘तिकडचा’ पंप मागेल. तो देऊ नका. तेच औषध तिथल्या मेडिकलमध्येही मिळतं. फार तर आपला स्पेसर काढून पाच श्वास कसे मोजायचे ते दाखवा, आणि त्यांच्या डॉक्टरकडे सोबत जाऊन या.