भुशीच्या पायऱ्यांवर बसण्याआधी

जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीला लोणावळ्याहून बातमी येते, भुशी भरलं. सांडव्याचं पाणी पायऱ्यांवर उतरायला लागतं आणि पुढचे दीड-दोन महिने प्रत्येक शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची गर्दी तिकडे लोटते. कांदाभजी, भाजलेली कणसं, पाठीवर आदळणारं थंडगार पाणी. हा आनंद खरा आहे आणि तो कुणाचा हिरावून घ्यावा असं मला अजिबात वाटत नाही.

फक्त ‘धरण भरलं’ याचा अर्थ नीट लावायला हवा. भरलं म्हणजे येणाऱ्या पाण्याला थांबायला आता जागा उरली नाही. मोठ्या धरणांना दरवाजे असतात, किती पाणी कधी सोडायचं ते ठरवणारी माणसं असतात, सोडण्याआधी खालच्या गावांना सावध करतात. छोट्या धरणाच्या उघड्या सांडव्यावर असं काहीच नसतं. वरच्या डोंगरात जेवढं कोसळेल, तेवढं थोड्याच वेळात खाली येतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात, तळ गाठलेला असताना, हेच धरण एखादी मोठी सर पोटात घेतं. जुलैत तीच सर पायऱ्यांवर बसलेल्यांच्या अंगावर येते. आणि आपण सगळे जातो ते जुलैत.

भुशी धरण मुळात सहलीसाठी बांधलेलं नाही. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी सुरू झाली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी लागायचं, म्हणून इंद्रायणीच्या वरच्या अंगाला हे दगडी धरण एकोणिसाव्या शतकात उभं राहिलं. आजही ते रेल्वेचं आहे. सांडव्याच्या पायऱ्या पडणाऱ्या पाण्याचा जोर टप्प्याटप्प्याने मोडतात. पाणी थोडं असतं तेव्हा त्या बसायच्या जागा वाटतात, इतकंच.

तरीही भुशीला जाणाऱ्याने सगळ्यात जास्त भ्यायला हवं ते भिंतीला किंवा पायऱ्यांना नाही, तर भिंतीच्या मागे, जलाशयात येऊन मिळणाऱ्या ओढ्यांना आणि धबधब्यांना. ३० जून २०२४ ला, रविवारी दुपारी, एकाच कुटुंबातले पाच जण तिथेच वाहून गेले. त्यांतली बहुतेक मुलं होती. ओढ्याच्या मधोमध, एकमेकांना घट्ट धरून उभी असलेली ती माणसं महाराष्ट्राने मोबाईलवर पाहिली. ती उतरली तेव्हा पाणी बेताचं होतं. वाढलं ते काही मिनिटांत, आणि काठ दोन्हीकडून तुटला. त्यांनी वेडं धाडस केलं असं म्हणणं मला पटत नाही. त्या पाण्यात त्या दिवशी आणखी शेकडो माणसं उतरली असतील. ओढा कसा वाचायचा ते आपल्याला कुणी शिकवलेलं नाही, हे त्याचं खरं कारण.

तर ओढा वाचायला शिकू. पाण्यात पाय टाकण्याआधी काठावरचा एक दगड हेरा आणि पाणी त्याच्या कुठवर लागतंय ते लक्षात ठेवा. दर पाच मिनिटांनी तो दगड बघायचं काम गटातल्या एकाकडे द्या, आणि तो स्वतः पाण्याबाहेर राहील असं ठरवा. पाणी चार बोटं चढलं की सगळे बाहेर. दुसरी खूण रंगाची. नितळ पाणी गढूळ होऊ लागलं, काटक्या, पानं, फेसाचे पुंजके वाहत येऊ लागले, तर वर लोंढा सुरू झालाय असं समजा. तिसरी खूण आवाजाची. खळखळ जाऊन घुमल्यासारखा खोल आवाज येतो तेव्हा पिशवी शोधत बसू नका. आणि सतत वर बघा. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी माथा ढगात गडप झाला असेल, तर तो पाऊस आपल्याकडेच यायला निघालेला असतो.

मुलांना घेऊन ओढ्याच्या मधल्या खडकावर कधीही जाऊ नका. बसायचं तर ज्या काठाने परत जायचंय त्याच काठावर. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, म्हणून मघाशी गुडघ्याएवढ्या पाण्यात सहज उभा असलेला माणूस तेवढ्याच पाण्यात नंतर टिकत नाही. कुणी वाहून जायला लागलं तर मागे उडी टाकू नका. दोर, ओढणी, बांबू, जे हाताशी असेल ते काठावरून फेका. स्वतः वाहू लागलात तर पाठीवर पडा, पाय प्रवाहाच्या दिशेला पुढे ठेवा, उभं राहायची धडपड करू नका; दगडात पाय अडकला की प्रवाह माणसाला पाण्याखाली दाबतो. काठावरच्यांनी ११२ ला फोन करावा. लोणावळ्यात शिवदुर्ग मित्रची स्वयंसेवक मंडळी अशा वेळी धावून येतात. त्यांना आपल्यासाठी त्या पाण्यात उतरावं लागतं, हेही ध्यानात असू द्या.

पायऱ्यांवर शेवाळ असतं. चपला-स्लीपर घालून चढू नका, तळाची पकड चांगली असलेले बूट हवेत. गर्दीत वरच्या पायरीवरचा एक घसरला की खालचे तिघे पडतात. सांडव्याच्या माथ्यावरून चालत पलीकडे जाणं तर साफ टाळा.

गावोगावच्या छोट्या बंधाऱ्यांचा धोका आणखी फसवा. पाणी भिंतीवरून चादरीसारखं गुळगुळीत पडतं, उंची जेमतेम पुरुषभर, पोरं खाली डुंबायला जातात. पडणारं पाणी तळाशी जाऊन पुन्हा भिंतीकडे उलटं फिरतं आणि अडकलेल्याला तिथेच घोळवत ठेवतं. फेसात हवा मिसळलेली असते, त्यामुळे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तरंगता येत नाही. भिंतीखाली फेसाचा सलग पट्टा दिसला की त्या पाण्यात उतरायचं नाही.

आता भिंतीबद्दल. ट्रेकला जाताना आपण कितीतरी मातीची छोटी धरणं, पाझर तलाव ओलांडतो, वर्षानुवर्षं तिकडे कुणी साहेब फिरकलेला नसतो. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो, १० ते १५ मीटरमधल्यांना काही अटींवर. त्याहून लहान धरणांकडे बघणारे डोळे थोडे, म्हणून आपले डोळे कामाचे. मातीच्या भिंतीच्या कोरड्या बाजूला थोडा पाझर असतोच. तो नितळ आहे का ते बघा. गढूळ पाझर म्हणजे पाणी आतून माती घेऊन बाहेर पडतंय, आणि ती गोष्ट थांबत नाही. माथ्यावरची लांब भेग, खचलेला उतार, भिंतीत वाढलेली झाडं, बिळं, दगडी बांधकामात दरजा निघून गेलेल्या जागा, आणि सांडव्यात टाकलेला भराव किंवा वाळूची पोती, ही सगळी सांगण्यासारखी लक्षणं.

सांगायचं कुणाला? तारखेसह फोटो काढा, गावाचं नाव लिहा आणि सरपंच, तलाठी, तहसील कार्यालय यांच्याकडे लेखी द्या. धरण जिल्हा परिषदेचं, जलसंधारण खात्याचं की जलसंपदाचं, ते तहसीलमधून कळतं. गढूळ पाणी जोरात येत असेल तर कागदाची वाट न बघता खालच्या वस्तीला उठवा. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. गळती होतेय हे गावकरी आधीपासून सांगत होते. सांगितलेलं ऐकलं गेलं नाही, हे वाचताना आजही संताप येतो. पण म्हणून सांगणं सोडून चालणार नाही, उलट सांगणारे जास्त हवेत.

गर्दीचंही एक वजन असतं. भुशीवरून येणारी इंद्रायणी पुढे तळेगावजवळच्या कुंडमळ्यात जाते. तिथला जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ ला, पर्यटक त्यावर उभे असताना कोसळला आणि चौघे गेले. जुन्या साकवावर, धरणाच्या कठड्यावर माणसं दाटीने उभी दिसली तर आपण काठावरच थांबावं. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन मनाईचे आदेश काढतं, ते दरवर्षी बदलतात, निघण्याआधी बघून घ्या.

आणि एक फेरी उन्हाळ्यात करा. एप्रिल-मेमध्ये पाणी खाली गेलेलं असतं, भुशीला गर्दी नसते. भिंतीचे दगड निवांत बघता येतात. मुलांना घेऊन मागच्या ओढ्यांच्या कोरड्या पात्रात उतरा, जुलैत जिथे उभे होतात ती जागा शोधा. काठावरच्या झुडपांत गेल्या पावसाळ्यातला पालापाचोळा अडकून वाळलेला असेल. त्याच्याखाली मुलाला उभं करा आणि तो त्याच्या डोक्याच्या किती वर आहे, ते त्यालाच हात उंचावून मोजू द्या.